सोडतीतली चिठ्ठी आणि बाईची मुदत

मा. अदिती तटकरे,
महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य



आमदाराने किती वेळा निवडून यावं, याला आपल्याकडे मर्यादा नाही. सांगोल्याने गणपतराव देशमुखांना 11 वेळा निवडून दिलं. मुदतीची मर्यादा आहे ती बाईला, तीही आडवाटेने. 2011 मध्ये स्थानिक संस्थांत महिला आरक्षण 50 टक्के झालं, पण राखीव गट, गण, प्रभाग सोडत काढून चक्रानुक्रमाने फिरत राहतात. ठराव, निविदा, निधी हे सगळं उमगेपर्यंत पाच वर्षं सरतात, आणि ‘ताई, आता जागा खुली झाली’ असं पक्ष सांगतो. आमच्याकडचंच पाहा: हेटवणे धरण पेण तालुक्यातच असूनही इथल्याच खारेपाटातल्या गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली. असल्या कामाचा पाठपुरावा एका मुदतीत होत नसतो.

खुल्या जागेवर लढायला बाईला कोणी अडवलंय, असं विचारलं जातं. कायद्याने कोणीच नाही. रिखिल भवनानी यांनी 2009 च्या अभ्यासात मुंबई महापालिकेतले, 1997 मध्ये महिलांसाठी राखीव असलेले आणि 2002 मध्ये खुले झालेले प्रभाग तपासले. दोन्ही वेळा खुल्या असलेल्या प्रभागांपेक्षा तिथे बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. म्हणजे आरक्षणाचा ठसा उरतो. पण पाचपट होऊनही बाईच्या वाट्याला आली पाचातली जेमतेम एक जागा! अमेरिकेतल्या काही राज्यांनी 1990 नंतर आमदारांना मुदतबंदी लावली, तेव्हाही बायकांना वाट मिळेल अशी आशा होती. जागा रिकाम्या झाल्या. उमेदवारी मात्र बायकांना फारशी मिळाली नाही. नुसती खुर्ची रिकामी करून भागत नाही.

म्हणून राखीव जागा लागोपाठ दोन मुदती राखीवच ठेवावी, असं माझं म्हणणं. पण जागा दहा वर्षं राखीव राहिली तर तिथल्या पुरुष कार्यकर्त्याने काय करायचं? निम्म्या जागा तेवढाच काळ खुल्या राहतीलच की. बाईच्या नावावर नवराच कारभार करतो, हा ‘सरपंचपती’चा आक्षेप जास्त खरा आहे. दुसरी मुदत दिली म्हणून नवरा कारभारातून उठेल, असं नाही. पण बाई पाच वर्षांचीच पाहुणी आहे हे सगळ्यांना ठाऊक असलं, की कारभार शिकून घ्यायला तिला तरी कारण काय उरतं?

संविधानाच्या कलम 243 ड मध्ये जागा फिरवण्याचा उल्लेख आहे, दर निवडणुकीला फिरवाच असं बंधन नाही. तामिळनाडूत आरक्षण दोन मुदतींसाठी राहतं. आपल्या सरकारनेही 2025 च्या नियमांत जिल्हा परिषदांचं चक्र नव्याने सुरू केलं. तेव्हा त्याला हात लावता येतो.

आपण 2017 ते 2019 रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होता आणि तिथून विधानसभेत गेलात. पेण-रोह्याच्या बहुतेक सदस्य महिलांपाशी आपल्यासारखं आडनावाचं बळ नाही. त्यांच्यापाशी असते ती फक्त केलेल्या कामाची ओळख, आणि ती मुरायला वेळ लागतो. ग्रामविकास खातं आपलं नाही, हे ठाऊक आहे. तरीही राखीव जागा लागोपाठ दोन निवडणुकांना कायम ठेवण्याची दुरुस्ती आपण मंत्रिमंडळापुढे मांडावी, ही विनंती.

आपली,
पेणमधील एक मतदार