अक्षता आणि मतपत्रिका

४ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी एकाच दिवशी दोन निकाल दिले. दुसऱ्या क्रमांकाच्या प्रस्तावाने त्यांनी ठरविले की, अंडी देणाऱ्या कोंबड्यांना, गाभण डुकरिणींना आणि कोवळ्या वासरांना कोंडलेल्या जागेत निदान उभे राहता यावे, अंग पसरता यावे, स्वतःभोवती वळता यावे. त्याला सुमारे ६३ टक्के मते पडली. आठव्या क्रमांकाच्या प्रस्तावाने त्याच मतदारांनी ठरविले की, एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच विवाह तेवढा खरा; दुसरा कोणताही या राज्यात मानला जाणार नाही. त्याला ५२ टक्क्यांहून थोडी अधिक मते पडली. कोंबडीला वळायला जागा मिळाली याचा मला आनंदच आहे. भूतदया ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. पण ज्या राज्याने पिंजरा मोठा केला त्याच राज्याने त्याच दिवशी शेजाऱ्याच्या घराचे दार बंद केले, आणि दोन्ही कामे लोकशाहीच्या नावाने केली, ही गोष्ट मनातून जात नाही.

या परक्या मुलखातल्या मतमोजणीचा दिवाळी अंकात पाढा वाचण्याचे कारण आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाह हा मूलभूत हक्क नाही, तो विधिमंडळाच्या अखत्यारीतला विषय आहे, असा निर्णय दिला. तेव्हापासून आपल्याकडील सभ्य गृहस्थांना एक सोयीचे वाक्य सापडले आहे. "आमचा कोणावर राग नाही, लोकशाही आहे, लोकांना विचारा, बहुमत म्हणेल तसे करा." हे वाक्य ऐकायला इतके निरुपद्रवी आहे की त्याला विरोध करणाऱ्यालाच उद्धट ठरविले जाते. तो उद्धटपणा पत्करून मी म्हणतो की, कॅलिफोर्नियाने नेमके हेच केले होते. तेथे काय झाले ते तरी पाहा.

प्रतिपक्षाची बाजू आधी मांडतो, कारण ती पोरकट नाही. २००० साली याच राज्यात सुमारे ६१ टक्के मतदारांनी असाच एक कायदा मंजूर केला होता. मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध तीन अशा मतांनी रद्द केला. जूनमध्ये लग्ने लागू लागली आणि नोव्हेंबरपर्यंत सुमारे १८,००० जोडपी विवाहबद्ध झाली. आता लाखो मतदारांचा कौल चार न्यायाधीशांनी मोडावा, हा कुठला न्याय, असे कोणी विचारले तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. त्याला उत्तर द्यावे लागेल.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. घटनाशास्त्रातले बारकावे मला वकिलाइतके कळत नाहीत. पण वर्गात मतदान कशावर घ्यावे आणि कशावर घेऊ नये एवढे मास्तराला कळावे लागते. सहल कोठे न्यावी, स्नेहसंमेलनात कोणते नाटक करावे, हे हात वर करून ठरते, आणि हरलेली मुलेही त्याच सहलीला जातात. पण अमुक मुलाने आपला डबा वर्गात उघडावा की नाही, हे मी हात वर करून ठरवू लागलो तर मला मास्तर कोण म्हणेल? पहिल्या मतदानात निकालाचा भार सर्वांवर सारखा पडतो. दुसऱ्यात हात वर करणाऱ्याचे काहीच जात नाही. जाते ते त्या एकट्याचे. आठवा प्रस्ताव दुसऱ्या जातीचा होता. त्याला होकार देणाऱ्या स्त्रीपुरुषांचे विवाह निकालापूर्वी जसे होते तसेच निकालानंतर राहिले.

अशी मतदाने आपल्यालाही नवी नाहीत. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी लग्न केले, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. ती सभा रीतसर होती, बहुमताबद्दल तर शंकाच नव्हती. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा ३७ वर्षे लोटली होती. तो १८५६ चा कायदा झाला तेव्हाही विद्यासागरांच्या बाजूच्या सह्यांपेक्षा विरोधातल्या सह्या कित्येक पटींनी अधिक होत्या. सह्या मोजून कायदा करायचा ठरला असता तर तो झालाच नसता. म्हणजे कायदा विधिमंडळाने करू नये असे मी म्हणत नाही. तो तेथेच व्हायचा. मात्र तेथे बसलेल्यांनी माणसाचे न्याय्य मागणे मोजावे, त्याच्या विरोधकांची डोकी मोजू नयेत. १९५८ साली कर्व्यांना भारतरत्न मिळाले. मुरुडच्या त्या ठरावाचा अभिमान आज कोण सांगतो?

कॅलिफोर्नियाचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. तेथे गोऱ्यांचे काळ्यांशी आणि आशियाई वंशाच्या काही लोकांशी लग्न कायद्याने निषिद्ध होते. इंपीरियल व्हॅलीत शेती करायला गेलेल्या पंजाबी शेतकऱ्यांपैकी कित्येकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली; त्यांचा परवाना पुष्कळदा कचेरीतल्या कारकुनाला वधूवरांचा रंग सारखा दिसतो की नाही यावर अवलंबून असे. हा कायदा १९४८ साली राज्याच्या न्यायालयाने रद्द केला, तोही चार विरुद्ध तीन मतांनीच. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५८ साली गॅलप संस्थेने अमेरिकनांना अशा मिश्रविवाहांबद्दल विचारले, तेव्हा अवघ्या ४ टक्के लोकांनी पसंती दर्शविली. सभ्य गृहस्थांच्या वाक्याप्रमाणे वागायचे तर त्या चौघा न्यायाधीशांनी घरी बसायला हवे होते.

"नागरी भागीदारी म्हणून बहुतेक हक्क त्यांना आधीच दिले होते; फक्त विवाह हे नाव दिले नाही," असाही युक्तिवाद तेथे झाला आणि येथेही होतो. नुसते नावच असेल तर ते नाकारण्यासाठी एवढा आटापिटा का? त्या निवडणुकीत दोन्ही बाजूंनी मिळून ८ कोटी डॉलरांहून अधिक पैसा ओतला गेला. नावाची किंमत घेणाऱ्याला जेवढी कळली होती तेवढीच नाकारणाऱ्यालाही कळली होती. नवरा, बायको, सून, जावई ही नुसती नावे आहेत असे ज्याला वाटते त्याने आपल्या लेकीला सासरी तसे सांगून पाहावे.

आणि आता माझ्या धंद्याविषयी. बंदीच्या पक्षाने दूरचित्रवाणीवर एक जाहिरात दाखविली. लहान मुलगी शाळेतून घरी येते आणि राजपुत्राचे राजपुत्राशी लग्न झाल्याची गोष्ट आपण शिकलो असे आईला सांगते, आई हबकते. मूळ प्रस्ताव इंग्रजीत अवघ्या चौदा शब्दांचा. त्यांत शाळा नाही, मूल नाही, पुस्तक नाही. पण मुलाचे नाव काढले की आईबाप विचार करायचे थांबतात, हे प्रचारकांना ठाऊक असते. याच राज्यात १९७८ साली समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा प्रस्ताव आला होता. हार्वे मिल्क त्याविरुद्ध गावोगाव बोलले, रोनाल्ड रेगन यांच्यासारखा प्रतिपक्षाचा पुढारीही विरुद्ध गेला, आणि ५८ टक्के मतदारांनी तो फेटाळला. त्या दिवशी बहुमत शहाणे ठरले. तरीही मी विचारतो, एखाद्या मास्तराची भाकरी त्याच्या शिकविण्यावरून ठरावी की शेजारपाजारच्या मतांवरून? निकाल चांगला लागला म्हणून प्रश्न योग्य होता असे होत नाही.

पुढे प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेले. समलिंगी विवाहाने स्त्रीपुरुषांच्या विवाहाचे नेमके काय नुकसान होते, असे न्यायाधीश वॉकर यांनी २००९ साली बंदीच्या वकिलाला विचारले. तो नामांकित वकील होता. त्याचे उत्तर होते, मला माहीत नाही. मागाहून त्याने पुष्कळ सारवासारव केली, भविष्यातले परिणाम कोणालाच सांगता येत नाहीत असे म्हणाला. पण लोकांचे संसार कायद्याबाहेर ठेवणाऱ्यावरच कारण सांगण्याची जबाबदारी असते. वर्षभर घरोघर सांगितलेले संकट कोर्टात शपथेवर सिद्ध करायची वेळ आली तेव्हा सापडेना. २०१० साली वॉकर यांनी बंदी घटनाबाह्य ठरविली, २०१३ साली तेथे लग्ने पुन्हा सुरू झाली, आणि २०१५ साली सबंध अमेरिकेत हा हक्क मान्य झाला.

शेवटचा आक्षेप सर्वांत गोड आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ६० टक्क्यांहून अधिक मतांनी ती बंदी राज्यघटनेतून पुसून टाकली. "पाहा, लोक आपणहून सुधारले; थोडा धीर धरायचा होता!" हा धीर कोणाच्या आयुष्यातून काढायचा, एवढेच मला विचारायचे आहे. डेल मार्टिन आणि फिलिस लायन या दोघी १९५३ पासून एकत्र राहत होत्या. २००४ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे लग्न लागले आणि सहा महिन्यांत न्यायालयाने ते रद्द ठरविले. १६ जून २००८ रोजी त्या शहरात लागलेले पहिले लग्न पुन्हा त्यांचेच. एक ८७ वर्षांची, दुसरी ८३ वर्षांची. त्याच वर्षी २७ ऑगस्टला मार्टिन वारल्या. लायन २०२० साली गेल्या. ५५ वर्षांच्या संसारानंतर त्यांना विवाहित म्हणून मिळाले ते दहा आठवडे, आणि तेही एका न्यायालयाने बहुमताची वाट पाहिली नाही म्हणून. २०२४ ची मतमोजणी पाहायला दोघींपैकी कोणी उरले नव्हते.

आपल्या मंडपात जमलेल्यांचे काम अक्षता टाकण्याचे असते. ज्याला हे लग्न पसंत नसेल त्याने येऊ नये, आशीर्वाद देऊ नये, आपल्या देवळात ते लावू नये. त्याचे हे स्वातंत्र्य मी त्याच्याकडून काढून घेणार नाही. पण लग्न लागावे की नाही हे ठरविणारी मतपत्रिका त्याच्या हाती देऊ नका. आपल्या संसदेपुढे हा विषय येईल तेव्हा किती लोकांना हे रुचते, असे विचारले जाईलच. त्याआधी दुसरा प्रश्न विचारला जावा: यांच्या लग्नाने तुमचे काय जाते? त्याचे शपथेवर उत्तर देता आले नाही, तर सभ्य गृहस्थांनी बाजूला व्हावे.