आईचं वय, बाळाचा नंबर आणि घरातली चर्चा

"आमच्या वेळी पंचविशीत तिसरं लेकरू कडेवर होतं!" डोहाळजेवणात हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. आणि पस्तिशीत पहिल्यांदा आई होणारी मैत्रीण ते ऐकून रात्रभर मोबाईलवर माहिती शोधत बसते. आईच्या वयाचा बाळावर खरंच परिणाम होतो का? होतो. पण तो कसा होतो हे कळलं, की निम्मी भीती कमी होते.

वीस वर्षांच्या आत

या वयात मुलीच्या स्वतःच्याच शरीराची वाढ सुरू असते. त्यात अंगात रक्त कमी असेल तर बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याची किंवा 2.5 किलोपेक्षा कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. ही फक्त आजीच्या काळातली गोष्ट नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालं होतं. तमिळनाडूत हे प्रमाण सुमारे 13 टक्के होतं.

पस्तिशीनंतर

रक्तदाब आणि गरोदरपणातला मधुमेह यांचं प्रमाण वाढतं. डाऊन सिंड्रोमची शक्यताही वाढते: पंचविशीत साधारण 1,250 बाळांत एक, पस्तिशीत 350 बाळांत एक, चाळिशीत 100 बाळांत एक. म्हणजे पस्तिशीतही 350 पैकी 349 बाळांना हा त्रास नसतो. अकराव्या ते तेराव्या आठवड्यातली सोनोग्राफी आणि रक्ततपासणी मात्र चुकवू नका.

पहिलं, दुसरं, पाचवं

पहिलं बाळ पुढच्या भावंडांपेक्षा वजनाला बहुधा थोडं कमी असतं, आणि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा त्रासही पहिलटकरणीला जास्त होतो. चार-पाच बाळंतपणांनंतर पुन्हा धोका वाढतो, कारण शरीरातलं लोह संपत आलेलं असतं आणि बाळंतपणात जास्त रक्त जाऊ शकतं. अंतरही महत्त्वाचं आहे. एका बाळाच्या जन्मानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

मग आपल्या हातात काय?

वय आणि बाळाचा नंबर बदलता येत नाही, पण ताटातलं अन्न बदलता येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1990च्या दशकात जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या स्त्रिया पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या, त्यांची बाळं जन्मतः जास्त सुदृढ होती.

बाळ झाल्यावरची काळजीही तितकीच मोलाची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बायकांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथे पूर्वी हजारी सुमारे 60 बाळं पहिल्या महिन्यातच दगावत. तीन-चार वर्षांत हा आकडा तिशीच्या खाली आला. त्या गावांत गरिबी होती तशीच होती. बदलली ती काळजी: बाळाला ऊब, लगेच आईचं दूध, स्वच्छता आणि जंतुसंसर्ग झाला तर वेळेवर औषध. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्या कामाचा पाया इथलाच.

एक कळकळीची विनंती. पहिल्या तपासणीला डॉक्टरांना आधीची सगळी गरोदरपणं सांगा, गर्भपात झाला असेल तर तोही. सासूबाईंसमोर बोलणं अवघड वाटत असेल तर दोन मिनिटं एकट्याने बोलू द्या असं म्हणा. तो तुमचा हक्क आहे. आणि बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल किंवा धाप लागत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका.

आजी, तुम्हालाही एक सांगायचंय. पुढच्या डोहाळजेवणात सुनेला तिचं वय विचारू नका, आज काय खाल्लंस ते विचारा.