बास नको, आवाज हवा

मागच्या पोळ्याला सौंसरला आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. पांढुर्ण्याला परतताना बसमध्ये १२०० रुपयांच्या ब्लूटूथ इअरबड्सवर ऐकल्या, तर जात्याची घरघर तेवढी जोरात. आजी मात्र गोधडीत तोंड घालून गातेय असं वाटलं. मग भावाचे ३५० चे वायरवाले लावले. तिचा 'ळ' स्पष्ट, दोन ओळींमधला श्वासही ऐकू आला!

माझं मत सरळ आहे. बजेट कमी असेल तर वायरवालेच घ्या. बिनवायरीत तेच पैसे बॅटरी, चिप अन् डबीत वाटले जातात. खोक्यावरचं '२० ते २०,००० हर्ट्झ' म्हणजे माणसाच्या कानाची मर्यादा, त्यावरून आवाजाचा दर्जा कळत नाही. दुकानदार ढमढम गाणं लावून दाखवतो. तुम्ही ओळखीच्या माणसाचं बोलणं लावा. 'स', 'श' कानाला टोचले तर परत ठेवा. अन् रबरी टोपी नीट बसली पाहिजे बरं का, फट राहिली की चांगल्या इअरफोनचाही बास पळतो. बऱ्याच नव्या मोबाईलला गोल पिनचं भोक नसतं, हे खरं. पण टाइप-सीचे वायरवाले मिळतात.

मैत्रिणी हसतात, "अजून वायर?" हसू देत. आजीच्या सतरा ओव्या आहेत, त्यातल्या चार मला आत्ता कुठे नीट कळल्या.