बसतं म्हणजे चालतं, असं नाही

गणपती झाल्यावरच्या शनिवारी रात्री मावसभावाचा फोन आला. "दादा, एक ग्राफिक्स कार्ड मिळतंय. सेकंडहँड, साडेआठ हजार. विकणारा म्हणतोय तुझ्या मदरबोर्डला बसेल. घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, "पैसे दिलेस?"

"अजून नाही. यूपीआय उघडून बसलोय."

"मग बंद कर. उद्या सकाळी काचीगुड्याला येतो."

तो डिग्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ तोच एडिट करतो, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. घरातला कॉम्प्युटर २०११ चा, ताईच्या इंजिनिअरिंगसाठी काकांनी घेतलेला. ताई नोकरीला लागून परगावी गेली आणि कॉम्प्युटर याच्या वाट्याला आला. त्याच्याजवळ साडेनऊ हजार रुपये होते. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन वर्षभरात जमवलेले. म्हणूनच मला घाई नको होती.

याला आणखी एक कारण आहे. २००९ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना बाबांकडून ३,२०० रुपये घेतले आणि बाजारातून एक ग्राफिक्स कार्ड आणलं. दुकानदार म्हणाला होता, "हो जाता भाई, टेंशन नक्को लो." घरी येऊन पेंटियम ४ चं कॅबिनेट उघडलं, तर कार्ड स्लॉटमध्ये जाईचना. आमच्या बोर्डावर इंटेलचा ८६५ चिपसेट होता आणि त्यावरचा स्लॉट एजीपी जातीचा. मी आणलेलं कार्ड पीसीआय एक्स्प्रेसचं. दोघांच्या खाचाच वेगळ्या. डब्याचं सील तुटलं होतं, त्यामुळे दुकानदाराने परत घेतलं नाही. बाबा काही बोलले नाहीत. ते कार्ड पुढे कितीतरी वर्षं कपाटात दिसत राहिलं. बोर्डावर कोणता स्लॉट आहे, एवढा एकच प्रश्न मी विचारायला हवा होता. पण आपल्याला कळत नाही हे दुकानात दिसू नये, म्हणून विचारला नव्हता.

रविवारी मावशीने पोह्यांच्या बशा उचलल्या आणि आम्ही कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर ठेवलं. प्लग काढला, एसएमपीएसचं बटण बंद केलं, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबून उरलेला करंट जाऊ दिला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि मगच आत हात घातला. मग भावाला एक कोरा कागद आणायला सांगितला. कार्डाबद्दल काही वाचण्याआधी आपल्याकडे काय आहे ते त्यावर उतरवायचं होतं.

पहिली ओळ स्लॉटची. बोर्डाचं मॉडेल बोर्डावरच छापलेलं असतं. कॅबिनेट उघडायचं नसेल तर विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा. तिथे बेसबोर्डचं नाव आणि बायोसची तारीख दिसते. त्या नावावरून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर पूर्ण माहिती मिळते. भावाचा बोर्ड इंटेलच्या एच६१ चिपसेटचा, वर कोअर आय५-२४०० प्रोसेसर आणि लांब स्लॉट पीसीआय एक्स्प्रेसचा, म्हणजे माझ्या वेळची अडचण इथे नव्हती. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये जुनं-नवं एकमेकांशी जुळवून घेतं. नव्या आवृत्तीचं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसतं आणि जुन्या वेगाने चालतं. विकणारा "बसेल" म्हणाला ते खोटं नव्हतं.

पण वेगाचं गणित त्याने सांगितलं नव्हतं. स्लॉटमध्ये माहिती ने-आण करणाऱ्या वाटा असतात, त्यांना लेन म्हणतात. लांब स्लॉटला अशा १६ लेन. दुसऱ्या आवृत्तीत एक लेन एका दिशेला सेकंदाला साधारण अर्धा जीबी माहिती नेते, तिसऱ्या आवृत्तीत जवळजवळ एक जीबी, चौथीत जवळजवळ दोन. भावाला मिळत होतं ते कार्ड एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६४००. हे २०२२ चं कार्ड स्लॉटमध्ये दिसतं पूर्ण लांबीचं, पण वापरतं चारच लेन. चौथ्या आवृत्तीच्या बोर्डावर चार लेनमधून सुमारे ८ जीबी मिळतात, तेव्हा काही अडत नाही. आय५-२४०० मात्र दुसऱ्या आवृत्तीचा. त्यावर त्याच चार लेनमधून २ जीबीच मिळणार, म्हणजे पाव हिस्सा. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. ती भरली की माहिती याच अरुंद वाटेने ये-जा करते आणि गेम अडखळायला लागतो.

उलट एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० हे २०१९ चं, वयाने जुनं, पण सोळाही लेन वापरतं. भावाच्या बोर्डावर त्याला सुमारे ८ जीबीची वाट मिळते. जुन्या बोर्डासाठी कार्ड बघताना फक्त नवं कोणतं हे पाहू नका, लेन किती आहेत तेही वाचा.

दुसरी ओळ विजेची. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर एसएमपीएसमधून वेगळी केबल लावावी लागते. सहा पिनची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ पिनची १५०. जीटीएक्स १६५० ची गरज ७५ वॅटची, म्हणून त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी केबल लागत नाही. काही मॉडेलवर मात्र सहा पिनचं सॉकेट असतं, म्हणून कार्डाचा फोटो सगळ्या बाजूंनी मागवायचा.

भाऊ म्हणाला, "आपला एसएमपीएस ४५० वॅटचा आहे. भरपूर झाला."

मी त्याला बाजूचं लेबल वाचायला लावलं. मोठ्या अक्षरांतला आकडा सोडून द्यायचा आणि बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते बघायचं, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही वीज मुख्यतः तिथूनच मिळते. तिथे होतं १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. आय५-२४०० चे ९५ आणि कार्डाचे ७५ मिळून १७०. हार्ड डिस्क आणि पंखे अजून धरलेलेच नाहीत. त्यातून हा एसएमपीएस चौदा वर्षं जुना. अशा वेळी कॉम्प्युटर चालू होतो, विंडोजही दिसतं आणि गेम किंवा रेंडर सुरू केला की धाडकन बंद पडतो. मग माणूस कार्डाला दोष देतो. वाईट वेळ आली तर एसएमपीएस जाताना बोर्डही घेऊन जातो.

भावाचा चेहरा उतरला. नवा एसएमपीएस म्हणजे दोन-अडीच हजार गेले. साडेआठ हजारांचं कार्ड घेतलं असतं तर त्यासाठी हातात हजारच उरले असते.

तिसरी ओळ बायोसची, आणि इथे खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. कॉम्प्युटर चालू होताना पडद्यावर पहिलं चित्र आणण्यासाठी कार्डावर एक छोटा प्रोग्रॅम असतो. जुन्या बोर्डांचं बायोस एका पद्धतीचं, नंतरच्या बोर्डांचं यूईएफआय दुसऱ्या पद्धतीचं. बहुतेक कार्डांवर दोन्हींची सोय असते, पण काही नव्या कार्डांवर फक्त यूईएफआयची. तसं कार्ड जुन्या बोर्डावर लावलं तर पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर नवं बायोस असेल तर कधी कधी त्याने काम होतं. पण ते चढवताना लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएस असेल तरच आणि खरंच गरज असेल तरच हात लावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे आपलंच कॅबिनेट दुकानात नेऊन, कार्ड लावून, चालू करून बघायचं आणि मग पैसे द्यायचे.

चौथी ओळ जागेची आणि पडद्याची. मावशीची शिवणाची टेप घेऊन मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या खणापर्यंत अंतर मोजलं. २३ सेंटिमीटर. दोन पंख्यांची काही कार्डं त्यात मावत नाहीत. मॉनिटर जुना, निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलचा. जीटीएक्स १६५० वर व्हीजीए नसतंच. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. तो तीन-चारशे रुपयांत मिळतो, पण आधी माहीत नसेल तर कार्ड घरी आणून केबल हातात धरून बसायची वेळ येते.

पाचवी ओळ लिहिण्याआधी मी भावाला विचारलं, "तुला नक्की कशासाठी हवंय?" तो आधी "गेमसाठी" म्हणाला आणि मग म्हणाला, "खरं तर मंडळाचे व्हिडिओ. दीड-दीड तास रेंडर चालतो." म्हणजे आरएक्स ६४०० त्याच्या कामाचं नव्हतंच. त्या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच दिलेला नाही. तो जीटीएक्स १६५० मध्ये आहे. गेम चालेल की नाही एवढंच पाहिलं असतं, तर ही गोष्ट लक्षात आली नसती.

मावशी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, एवढा खटाटोप कशाला? थोडे पैसे घालून नवीनच घ्या ना." तिचंही अगदी चूक नव्हतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. हा दुसऱ्या पिढीचा. प्रोसेसर मंद असेल तर कार्ड कितीही चांगलं असो, नवे जड गेम नीट चालणार नाहीत. पण कार्ड आणि चांगला एसएमपीएस पुढच्या कॉम्प्युटरमध्ये काढून लावता येतात, ते पैसे वाया जात नाहीत. मावशीला ते पटलं. "मग पावती नीट ठेवा," एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी आम्ही रिक्षाने सिकंदराबादला सीटीसीमध्ये गेलो. कॅबिनेट भावाच्या मांडीवर, अ‍ॅडॅप्टर माझ्या खिशात. एका दुकानात पिन नसलेलं, एका पंख्याचं सेकंडहँड जीटीएक्स १६५० मिळालं. तिथेच नवा एसएमपीएस बसवून घेतला, कार्ड लावलं, चालू केलं. पंखा फिरला. पडदा काळा.

भावाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात बायोस, यूईएफआय सगळं फिरून गेलं. दुकानातल्या पोऱ्याने मागे वाकून पाहिलं आणि हसला. केबल मी सवयीने मदरबोर्डच्याच व्हीजीएला लावली होती. ती काढून अ‍ॅडॅप्टरने कार्डाला लावली आणि चित्र आलं. बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मी ही चूक केली, तेव्हा तुमच्याकडून झाली तर लाजू नका. कार्ड बसवल्यावर पडदा काळा दिसला तर आधी केबल बघा.

हिशोब असा झाला: कार्ड ६,५००, एसएमपीएस २,३००, अ‍ॅडॅप्टर ३५०. एकूण ९,१५०. उरलेल्या साडेतीनशे रुपयांतून भावाने मला चहा आणि उस्मानिया बिस्किटं खिलवली. गणेशोत्सवातल्या बालनाट्याचा व्हिडिओ त्याने पुन्हा रेंडर करून पाहिला. दीड तासाचं काम पंचवीस मिनिटांत झालं. फायली उघडायला अजून वेळ लागतो, कारण हार्ड डिस्क जुनीच आहे. तिच्या जागी एसएसडी घ्यायची, तर दिवाळीपर्यंत आणखी शिकवण्या घ्याव्या लागतील, असं तो म्हणतो.

तो कागद मी त्याला कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवायला सांगितला आहे. बोर्ड आणि प्रोसेसर, बारा व्होल्टचे अँपिअर, बायोसची तारीख, मोकळी जागा आणि मॉनिटरचं सॉकेट, आणि काम कशासाठी. तुमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी असा कागद आजच करून ठेवा. दुकानात गेलात की तो काउंटरवर ठेवा आणि एकेक ओळ विचारा. दुकानदार "हो जाता" म्हणाला, तर त्याला तिथेच लावून दाखवायला सांगा. यात कमीपणा काही नाही. २००९ मध्ये मी एवढं केलं असतं, तर बाबांचे ३,२०० रुपये वाचले असते.