विमान फक्त शेठजींचंच का?

सुट्टीत छोट्या विमानातून एका बेटावर तंबू ठोकायला जातो, असं पुण्यात कोणालाही सांगितलं की प्रतिक्रिया ठरलेली असते. "शेठ झालास की रे!" आणि पाठोपाठ दुसरी, "विमान परवडतं, मग झोपायला तंबू कशाला?" दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: विमान म्हणजे श्रीमंती, आणि श्रीमंती म्हणजे पंचतारांकित हॉटेल. माझा वाद या समजुतीशी आहे, कारण आपल्याकडची सगळी व्यवस्था याच समजुतीवर उभी आहे.

आधी विमानाचं बघू. सेस्ना १७२. एक इंजिन, चार आसनं. १९५६ साली बाजारात आलं आणि आजवर ४४,००० हून अधिक बनली. आपल्या प्रीमियर पद्मिनीच्या पंथातलं म्हणा ना! आम्ही पाच भागीदार मिळून असं एक जुनं विमान वापरतो. पाचांत एक शाळामास्तर आहे, एक गॅरेजवाला आहे. विमान माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल पितं. माझ्या परवान्यावर प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही, खर्च सारखा वाटून घेता येतो. स्वस्त आहे का? नाही. पण लोणावळ्याला ज्यांचं 'सेकंड होम' आहे, त्यांनी तरी मला शेठ म्हणू नये.

आता बेट. लॉस एंजेलिसच्या समोर, किनाऱ्यापासून साधारण पस्तीस किलोमीटरवर कॅटालिना आहे. १९१९ साली च्युइंगगमवाल्या रिगलीने ते विकत घेतलं (हा मात्र खराखुरा शेठ!) आणि आज त्याचा ८८ टक्के भाग १९७२ साली स्थापन झालेल्या एका संवर्धन संस्थेकडे आहे. विमानतळही त्याच संस्थेचा. समुद्रसपाटीपासून १,६०२ फूट उंचीवर, टेकड्यांचे माथे कापून आणि मधली घळ भरून केलेली ३,००० फुटांची धावपट्टी. तिला मधे उंचवटा आहे. उतरताना पलीकडचं टोक दिसतच नाही, आणि नवखा वैमानिक धावपट्टी संपली असं समजून करकचून ब्रेक मारतो. २०१९ साली अमेरिकन मरीन सैनिकांनी ही धावपट्टी नव्याने बांधून दिली.

विमान दोरांनी बांधून ठेवायचं, पाठीवर तंबू घ्यायचा आणि चालू लागायचं. ब्लॅकजॅकचा तळ जवळच्या डोंगरात आहे, तिथली जागा मात्र आधी आरक्षित करावी लागते. वाटेत बायसन दिसतात. १९२४ साली चित्रपटासाठी आणलेल्या कळपातून ते वाढले. बेटावरचा छोटा कोल्हा १९९९ च्या साथीत जवळजवळ संपला होता. आता हजाराच्या वर गेला आहे. तंबू का, याचं उत्तर हेच आहे. हॉटेलात कोल्हा येत नाही.

"पण हे धोक्याचं नाही का?" आहे. विमान कंपन्यांच्या जेटइतकं हे सुरक्षित आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धोका मोजूनच जावं लागतं. इंजिन बंद पडलं तर हे विमान उंचीच्या साधारण नऊपट अंतर तरंगत जातं. म्हणून मी खाडी ८,५०० फुटांवरून ओलांडतो. तिथून ते सुमारे तेवीस किलोमीटर होतं, म्हणजे मधोमध असलो तरी कोणता ना कोणता किनारा हाती लागतो. लाइफ जॅकेट अंगावरच असतं. सकाळी समुद्रावरचा ढग खाली बसला असेल तर निघायचंच नाही.

आणखी एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो. या विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं. कॅलिफोर्नियाने २०३१ पासून अशा पेट्रोलच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला आहे, आणि मला तो योग्य वाटतो.

आता मूळ मुद्दा. या सगळ्या प्रवासाला कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. हवामान स्वच्छ असेल आणि डोळ्यांनी बघत उडायचं असेल, तर उड्डाणयोजना भरणंही सक्तीचं नाही. मग इथली माणसं सुरक्षेबाबत बेफिकीर आहेत का? अजिबात नाही. ११ सप्टेंबर २००१ चे हल्लेखोर याच देशात विमान चालवायला शिकले होते. त्यानंतर वॉशिंग्टनभोवतीच्या आकाशावर कडक निर्बंध आले. परदेशी विद्यार्थ्यांची तपासणी सुरू झाली. मी नागरिक नसल्याने माझ्याही बोटांचे ठसे घेतले, पार्श्वभूमी तपासली, मगच शिकता आलं. पुढे किमान ४० तासांचं उड्डाण, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा, वैद्यकीय तपासणी. माणूस नीट पारखून घेतला आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवला. दर रविवारी नव्याने संशय घेतला नाही.

आपल्याकडे उलट आहे. छोट्या विमानालाही उड्डाणयोजना आणि हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक यांच्या फेऱ्यातून जावं लागतं. कारण विचारलं की उत्तर येतं, सुरक्षा. ठीक. पण १९९५ च्या डिसेंबरात पुरुलियावर शस्त्रं टाकणारं विमान वाराणसीला रीतसर उतरून, इंधन भरून गेलं होतं! कागद पुरे होते. कागदांनी चोर अडत नाही, हौशी माणूस मात्र हमखास अडतो.

हे आपल्या रक्तात नाही असंही कोणी म्हणू नये. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा. जेआरडींना भारतातला पहिला परवाना मिळाला १० फेब्रुवारी १९२९ ला. १९५८ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने खास फ्लाइंग क्लबांसाठी दोन आसनी विमान उडवलं, आणि पुढे अशी शंभराहून अधिक बांधली. त्याचं नाव 'पुष्पक'. रामायणातल्या पुष्पकावर तावातावाने भांडणाऱ्या किती जणांना हे खरंखुरं पुष्पक माहीत आहे? छोट्या विमानांचं पेट्रोल तर २०२२ पर्यंत आपण बाहेरून आणत होतो. आणि कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मिरवलं, पण त्याची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. कौतुक आधी, कागद नंतर.

म्हणून म्हणतो, "आपल्याकडे हे श्रीमंतांचं आहे" ही तक्रार बरोबर आहे, पण तिचा पत्ता चुकतो. विमान मुळात श्रीमंतांचं नसतं, ते तसं करून ठेवलेलं असतं. जिथे शंभर सह्या लागतात तिथे सह्या मिळवणारी माणसं ठेवू शकेल तोच उडणार. शाळामास्तर कसा उडेल?

कराड, धुळे, चंद्रपूर इथल्या धावपट्ट्या तुमच्याच पैशांनी झाल्या आहेत. तिथे वैमानिक होऊ पाहणारे विद्यार्थी उडतात, पुढारी उतरतात, आणि बाकीच्या जनतेने कुंपणाबाहेरून हात हलवायचा असतो. पुढच्या वेळी एखादं पुढाऱ्याचं विमान उतरताना दिसलं, तर हात हलवण्याआधी एवढंच विचारा: परवाना काढलेल्या साध्या माणसाला इथे रविवारी सकाळी उडायचं असेल, तर कोणाकोणाच्या सह्या लागतील? यादी मोठी निघेल. ती छापून आणा.