घरपट्टीचे गणित : भाडे, क्षेत्रफळ की बाजारभाव?

बंगळूरू शहरात 2 सप्टेंबर 2025 रोजी एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. बृहद् बंगळूरू प्राधिकरणाच्या छत्राखाली काम करणाऱ्या या संस्थांचा मुख्य आधार मालमत्ता कर हाच राहणार आहे. त्यामुळे घरावरील कर कोणत्या मापाने मोजावा, हा या शहरातील जुना प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे.

जमिनी व इमारतींवरील कर हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. तो वसूल करण्याचा अधिकार राज्ये कायद्याद्वारे स्थानिक संस्थांना देतात. म्हणूनच एकाच आकाराच्या घराला पुणे, मुंबई आणि बंगळूरू येथे वेगवेगळ्या पद्धतीने कर लागतो. या पद्धती मुख्यतः तीन आहेत : घराला मिळू शकणारे भाडे, घराचे क्षेत्रफळ आणि घराची किंमत.

भाड्याकडून क्षेत्रफळाकडे

भाडेमूल्यावर आधारित पद्धत सर्वांत जुनी. भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या घराचे करयोग्य मूल्य प्रमाणित भाड्यापेक्षा अधिक धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर खटल्यात दिल्यानंतर या पद्धतीची मर्यादा उघड झाली. भाडी गोठलेली असल्याने करही गोठला. शिवाय भाडे किती धरायचे हे ठरविणे मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती राहिले. पाटणा शहराने 1993 मध्ये क्षेत्रफळावर आधारित पद्धत स्वीकारली, तर दिल्लीने 2004 मध्ये.

बंगळूरूने 2000 साली ऐच्छिक स्वरूपात स्वयंमूल्यांकन योजना आणली. 2007 मध्ये लगतची नगरे व गावे सामावून घेऊन महापालिकेचा विस्तार झाला आणि 2008-09 पासून एकक क्षेत्र मूल्य पद्धत लागू झाली. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या मार्गदर्शक मूल्यांच्या आधारे शहराची ‘ए’ ते ‘एफ’ अशा सहा वर्गांत विभागणी करण्यात आली आणि प्रत्येक वर्गासाठी दर चौरस फुटाचा मासिक दर निश्चित झाला. स्वतः राहत असलेल्या घराचा दर भाड्याने दिलेल्या घराच्या निम्मा ठेवण्यात आला.

आकडेमोड कशी होते?

समजा, मालक स्वतः राहत असलेल्या घराचे बांधीव क्षेत्र 1000 चौरस फूट आहे आणि लागू दर 2 रुपये आहे. वर्षाचा हिशेब बारा महिन्यांऐवजी दहा महिन्यांचा धरला जातो. म्हणजे रक्कम 20 हजार रुपये होते. इमारतीच्या वयानुसार घसारा वजा होतो. तो 10 टक्के मानल्यास 18 हजार रुपये उरतात. त्यावर 20 टक्के दराने 3600 रुपये कर येतो. मूळ रचनेनुसार त्यावर आरोग्य, ग्रंथालय आदी उपकर 24 टक्के, म्हणजे 864 रुपये. एकूण देणे 4464 रुपये.

या पद्धतीचा मोठा गुण असा, की हे गणित मालकाला स्वतः करता येते आणि पडताळताही येते. तिचा दोषही तिथेच आहे. दर बदलण्यासाठी स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो आणि असा निर्णय कोणत्याही सरकारला अप्रिय वाटतो. 2008 नंतरची मोठी वाढ 2016 मध्ये झाली : निवासी मालमत्तांसाठी 20 टक्के आणि अनिवासी मालमत्तांसाठी 25 टक्के. त्याच वेळी अनेक वस्त्यांचा वर्ग बदलला. ज्यांनी जुन्याच वर्गानुसार कर भरला, त्यांच्याकडे काही वर्षांनी फरकाची रक्कम मागणाऱ्या नोटिसा आल्या. स्वयंमूल्यांकनात चुकीची जबाबदारीही करदात्यावरच येते, हे तेव्हा अनेकांना उमगले.

किमतीवर आधारित कर

फेब्रुवारी 2024 मध्ये महापालिकेने कर थेट मार्गदर्शक मूल्याशी जोडण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. स्वतःच्या वापरातील घरासाठी मूल्याच्या 0.1 टक्के, भाड्याने दिलेल्या घरासाठी 0.2 टक्के आणि अनिवासी मालमत्तेसाठी 0.5 टक्के असे दर त्यात सुचविले होते. म्हणजे 60 लाख रुपये मार्गदर्शक मूल्याच्या घराला मालक राहत असल्यास 6 हजार आणि भाडेकरू असल्यास 12 हजार रुपये. ऑक्टोबर 2023 मध्येच राज्यात मार्गदर्शक मूल्ये सरासरी 30 टक्क्यांनी वाढली असल्याने या प्रस्तावास विरोध झाला आणि त्या वर्षी तो अमलात आला नाही.

या वादाचे मर्म मल्लेश्वरम, बसवनगुडी किंवा जयनगर यांसारख्या जुन्या वस्त्यांत दिसते. तेथे जमिनीचे भाव वाढले, म्हणून निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरमालकाचे उत्पन्न वाढले नाही. घर विकल्याखेरीज ती किंमत त्याच्या हाती येत नाही. कर मात्र दरवर्षी रोखीने भरावा लागतो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रस्ते आणि मलनिस्सारण यांमुळे जमिनीची किंमत वाढते, त्या वाढीचा काही अंश शहराकडे परत यावा, हा किमतीवर आधारित कराचा तर्क आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

मुंबईने 2010 पासून भांडवली मूल्यावर आधारित कर स्वीकारला. परंतु मोकळ्या जमिनीच्या भावी बांधकाम क्षमतेवर कर आकारण्यास न्यायालयाने नकार दिला आणि संबंधित नियम रद्द केले. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. पुण्यात भाडेमूल्याची पद्धत आहे. तेथे स्वतः राहत असलेल्या घरांना 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत 2019 मध्ये काढून घेण्यात आली आणि नागरिकांच्या नाराजीनंतर 2023 मध्ये पुन्हा देण्यात आली.

या शहरांची मापे भिन्न आहेत. पण राहते घर आणि उत्पन्न देणारे घर यांत फरक करावा, ही अपेक्षा पुण्यात आणि बंगळूरूत सारखीच दिसते. बंगळूरूच्या पाच महापालिकांनी उद्या किमतीचे माप स्वीकारले, तर मूल्ये वाढली तरी एका वर्षातील करवाढीला ठरावीक मर्यादा असेल का, आणि सामान्य माणसाला आपला कर आजच्याप्रमाणे स्वतः पडताळता येईल का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या बदलाची स्वीकारार्हता ठरेल.