सायकल तिच्या मापाची

परवा जनता बझार चौकात ओळखीच्या एका काकूंनी मला अडवलंच. "अगं, गाडी विकलीस काय? ह्या वयात सायकल, तीबी वाकड्या हँडलची!" गाडी विकलेली नाही, दारात आहे. पण बचत गटाची बैठक, बँक, भाजी यांसाठी गेली दोन वर्षं मी सायकलच काढते. चारचौघीत लाजायचे दिवस आता संपले, असं मी काकूंना सांगितलं खरं; पण या सायकलीपर्यंत पोचण्याआधी मी एक मोठी चूक केली होती, ती मात्र सांगितली नाही. ती इथे सांगते.

लेक अकरावीत गेली तेव्हा तिला सायकल घ्यायची ठरली. दुकानात एक चकचकीत सायकल दिसली. एकवीस गिअर, जाड टायर, पुढं-मागं शॉकअप. किंमतही बेताची. यजमान म्हणाले, "एवढ्या पैशात एवढं सगळं? घेऊन टाक." लेक कडेला उभी होती. सायकलीवर तिला बसवून बघावं, असं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. दोन महिन्यांत ती सायकल जिन्याखाली गेली आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळू लागले. मी लेकीला आळशी म्हटलं. एकदा नव्हे, पाहुण्यांसमोरसुद्धा.

मग एका रविवारी मी स्वतःच ती बाहेर काढली. आमच्या गल्लीतून विद्यापीठाकडं जाणारा चढ तुम्हाला ठाऊकच असेल. अर्ध्यावर माझे गुडघे बोलू लागले. सायकल लोखंडाची, जडच्या जड. पायडल मारलं की निम्मा जोर शॉकअप दाबण्यातच जायचा. सीट इतकी खाली की गुडघा पोटाला लागायचा. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "वहिनी, पोरगी आळशी न्हाई. सायकल तिच्या मापाची न्हाई." घरी येऊन लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, "आई, मी सांगितलं होतं की." सांगितलं होतं. मीच ऐकलं नव्हतं.

मैत्रिणींनो, आपण पोरीचा ड्रेस तिच्या अंगाला लावून बघतो, चप्पल पायात घालून दोन पावलं चालायला लावतो, आणि सायकल मात्र रंग बघून घेतो. खरं तर सायकलीत टायर, सीट, ब्रेक, गिअर सगळं नंतर बदलता येतं. फ्रेम तेवढी बदलता येत नाही. म्हणून पैसे घालायचे ते मापाच्या, हलक्या, साध्या फ्रेमवर. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिलं की आडवी दांडी अंगाला लागता कामा नये, दोन बोटं तरी मोकळी हवीत. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा हवा तेवढाच वाकतो. बेताच्या किमतीतल्या सायकलीला शॉकअप म्हणजे नुसतं ओझं, हे माझं स्पष्ट मत आहे.

नंतर आम्ही जुन्या बाजारातून एक पातळ टायरची रेसर घेतली, आणि पैसे जमतील तसं एकेक बदलत गेलो. पहिली ब्रेकची रबरं, कारण उतारावर तीच कामाची. मग टायर. 25 मिलिमीटरचे होते, फ्रेममध्ये जागा होती म्हणून 32 चे बसवले. आपल्या खड्ड्यांत तेवढी हवा लागतेच. हँडल लांब पडत होतं, तर त्याला धरणारा छोटा जोड आखूड बसवला. शेवटी फ्रीव्हील. मागची मोठी चकती 28 दात्यांची होती, ती 34 ची झाली. चढावर पायावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी होतो. मात्र मागचा डेरेलर 34 दाते पेलतो का, चेन पुरते का, हे आधी विचारून घ्या. लेक आता पुण्याला शिकते, सायकल माझ्या वाट्याला आली. सीटची उंची तेवढी बदलावी लागली.

तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 साली साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं जिल्हाधिकारी होत्या. लेडीज सायकली पुरेनात, तर बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. त्यातल्या काहींना त्याच बऱ्या वाटल्या, पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं म्हणून! बाईला काय सोयीचं ते बाईलाच कळतं.

आता आमच्या गटातली गोष्ट. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एका मैत्रिणीनं लेकीच्या सायकलीसाठी बारा हजारांचं कर्ज मागितलं. लगेच आवाज उठले, "पाच हजारांत येती की! पोरीला एवढी कशाला?" याच गटानं गेल्या वर्षी एकीच्या मुलाच्या मोटारसायकलीला पहिला हप्ता म्हणून वीस हजार दिले, तेव्हा कुणी तोंड उघडलं नव्हतं. मी तेच विचारलं. थोडा वेळ सगळ्याच गप्प. पेट्रोल शंभरीपार गेलंय, सायकलीवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून बारावरून पाच टक्क्यांवर आलाय, हेही सांगितलं. पण खरं म्हणजे पोरीला आठवड्यातले सहा दिवस हाच चढ चढून कॉलेजला जायचंय आणि संध्याकाळी एकटीनं परतायचंय. सायकल जिन्याखाली गेली, तर कॉलेजही सुटायला वेळ लागणार नाही.

कर्ज मंजूर झालं, दोघींचा विरोध धरून. येत्या रविवारी आम्ही दुकानात जाणार आहोत. पोरीला सांगून ठेवलंय, रंग शेवटी बघायचा, आणि मी मोजायची टेप पिशवीत टाकली आहे.